कवचाची आतली बाजू

“पाटील, वीर गेला!”

मारुतीच्या देवळातला महादू गुरव आमच्या अंगणात ओरडत आला, तेव्हा मी तोंडात ब्रश घेऊन उभी होते. पप्पा चहा पीत होते. ते गावचे पोलीस पाटील, त्यामुळे दहिवळमध्ये कुणाची कोंबडी हरवली तरी पहिली आरोळी आमच्याच अंगणात पडते.

“अगं बाई, कोण गेलं?” आई आतून धावत आली. तिला वाटलं कुणी माणूसच गेलं.

“दगूड, वैनी! तुमचा मानाचा दगूड. आन् शेजारचा धाकलाबी. निस्तं दोन खड्डं हायती जाग्यावर.”

मी फेस थुंकला आणि अनवाणीच पळाले. पप्पांच्या आधी देवळापाशी पोचले, हे मला त्या वेळी फार महत्त्वाचं वाटलं होतं.

आमच्या मारुतीच्या देवळाबाहेर सात वीरगळ एका ओळीत उभे असायचे. कधी काळी गावासाठी लढून मेलेल्यांचे कोरीव दगड. कोरीव म्हणायचं आपलं, कारण कोरलेलं कुणीच पाहिलं नव्हतं. पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्यावर तेलात कालवलेल्या शेंदराचे थर चढत गेलेले. सात केशरी गठुळी, वर चांदीचे डोळे. प्रत्येक दगडाचा मान एकेका घराण्याकडे. चौथा, सगळ्यांत उंच, तो आमचा. यात्रेत पालखी आधी त्याच्यापुढं थांबते, मग आमच्या दारात.

चाळीस-पन्नास वर्षांत एखाद्या दगडाचं शेंदराचं कवच आपोआप सुटून पडतं. त्याला आमच्याकडे ‘वीरानं अंगरखा टाकला’ म्हणतात. त्या दिवशी उघडा दगड कुणी बघायचा नाही. भोवती धोतराचा आडोसा धरतात आणि मानकरी एकटा आत जाऊन सूर्य मावळायच्या आत नवा शेंदूर चढवतो. त्याच जुलैमध्ये आमच्या वीरानं अंगरखा टाकला होता. पप्पांनी आत जाऊन शेंदूर चढवला तो पाच किलो! दुकानदार म्हणाला होता, “पाटील, वीर रंगवताय का बंगला?”

आणि आता सप्टेंबरच्या एका सोमवारी तिथं खड्डा होता.

मला रडू आलं. खरंच आलं. कारण तो नुसता दगड नव्हता, ते माझं भाषण होतं. आठवीपर्यंत मी हजेरीला ‘हजर’सुद्धा बाईंना ऐकू जाणार नाही असं म्हणायचे. नववीत बाईंनी ढकलून स्पर्धेत उभं केलं आणि मी बोलले ‘माझा पूर्वज’ या विषयावर. गुरं पळवायला आलेल्या लुटारूंपुढं घोड्यावरून तलवार उपसून एकटा उभा राहिलेला आमचा बाजी पाटील. “त्याचं रक्त माझ्या धमन्यांतून वाहत आहे!” असं म्हटल्यावर परीक्षकांनीसुद्धा टाळ्या वाजवल्या. तालुक्यात पहिली! तेव्हापासून मी बसच्या रांगेतसुद्धा पुढं जाऊन बोलायला लागले होते.

खड्ड्याभोवती गर्दी जमली. पप्पांनी वही काढली.

“कुणावर संशय?”

“संशय कसला त्यात? गेनू खरात,” कुणीतरी म्हणालं. “दोन महिनं झालं, त्यो त्या दगडाभवती हिंडतोय. बॅटरी काय, वही काय.”

गेनू नाना म्हणजे माझ्या बाकावरच्या संघमित्राचे आजोबा. एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेले. विहाराकडच्या आळीत राहायचे. त्यांनी पुरातत्त्व खात्याला अर्ज केला होता, की आमच्या गावचे वीरगळ येऊन तपासा, त्यांवर काय कोरलंय ते लिहून ठेवा. आणि खात्याचं उत्तरही आलं होतं. साहेब गुरुवारी येणार होते.

“दादा,” मी पप्पांना नाही, शेजारच्या एका माणसाला म्हणाले, “ज्यांनी साहेबाला दगड बघायला बोलावलं, तेच साहेब यायच्या आधी दगड कशाला चोरतील?”

“भाव काढाय बोलावला आसंल की.”

सगळे हसले. पप्पा हसले नाहीत. ते वहीत लिहीत होते. मला वाटलं, माझा मुद्दा लिहून घेताहेत.

त्याच दुपारी तालुक्याच्या ठाण्यातून गाडी आली आणि नानांना घेऊन गेली. चोरीचं कळल्यावर साहेबांनी गुरुवारचं येणं पुढं ढकललं.

संघमित्रा, आमची मित्रा, तीन दिवस शाळेत आली नाही. आली तेव्हा बाकाच्या टोकाला बसली, मध्ये दप्तर ठेवून.

“नाना आले?” मी विचारलं.

“आले.”

“मारलं का गं?”

“नाही म्हणतात. पण संडासला बसता येत नाही त्यांना. माझे बाबा धरून बसवतात.” ती पुस्तकाकडं बघून बोलत होती. “आणि रोज ठाण्यात जाऊन सही करायची. आळीतल्या बायका पिठाच्या गिरणीत गेल्या, तर गिरणीवाला म्हणतो, आधी दगड आणा मग दळण आणा.”

मी मधलं दप्तर उचलायला हात घातला. तेव्हा ती वळली.

“तू भाषणात म्हणतेस ना, त्या वीराचं रक्त आहे म्हणून? मग शोध की. तुझा दगड, तुझे पप्पा पोलीस पाटील. आमच्यातल्या कुणी शोधला तर म्हणतील, लपवला होता तिथनंच काढला.”

“शोधणार,” मी म्हणाले. “शप्पथ!”

आणि मी जी सुटले! वही केली. वर मोठ्या अक्षरांत ‘तपास’. महादू गुरवाची उलटतपासणी घेतली (“मी झोपलो हुतो गं बये, किती येळा सांगू?”). खड्ड्यांची मापं घेतली. ट्रॉलीच्या चाकांचे ठसे शोधले, पण गावात बेचाळीस ट्रॉल्या. सगळ्या गावाला सांगत सुटले की तपास माझ्याकडं आहे. लोक हसायचे, मी त्याला दाद समजायचे.

एका संध्याकाळी मित्रासोबत नानांकडे गेले. ते पालथे पडून होते, उशीवर छाती टेकून. मला बघून उठायला लागले.

“नाना, उठू नका. एकच सांगा. तुम्हाला तो दगड कशाला बघायचा होता?”

“बस की आदी. मित्रा, हिला गूळशेंगा दे.” मग म्हणाले, “आमची आजी सांगायची. यात्रंच्या आदल्या दिशी आमच्या घरची पयली भाकरी चवथ्या दगडाफुडं जायाची. मग एका साली बंद क्येली. कुणी क्येली, कशापायी, तिलाबी ठाव नव्हतं. आता मी काय दगूड पूजणारा माणूस न्हाई, पोरी. पर वाटलं, मरायच्या आदी बघावं तरी, आजी खरं बोलत हुती का.”

मी हे सगळं वहीत लिहून घेतलं. ‘भाकरी’च्या खाली दोन रेघा मारल्या. का मारल्या, ते माहीत नव्हतं.

उत्तर मिळालं शाळेत, शाडूच्या वर्गात. दर वर्षी गणपतीआधी चित्रकलेच्या रेठरेकर बाई मूर्ती करायला शिकवतात. त्यांनी उंदराचा साचा वर धरला आणि म्हणाल्या, “आत आधी तेल फिरवायचं, मग माती दाबायची. साच्यात जे खोल, ते मूर्तीत वर. कळलं?”

मी जागेवरच ओरडले, “कवच!”

“काय झालं गं?”

“काही नाही बाई. उंदीर छान आहे.”

दगड गेला होता, पण त्याचा अंगरखा कुठं गेला होता? शेंदराचं कवच दगडावरच घट्ट बसलेलं असतं. बाहेरून गठुळं, पण आतून? आतून तो साचाच! आणि पडलेलं कवच पुढच्या यात्रेपर्यंत मानकऱ्याच्या घरी ठेवतात, मग नदीत सोडतात. म्हणजे ते आमच्या घरी होतं. माळ्यावर, बंद पडलेल्या कूलरच्या मागं, तांदळाच्या पोत्यात.

शनिवारी शाळा सकाळची. आई शेतावर, पप्पा तालुक्याला. मी स्टूल लावून चढले. चार तुकडे होते, परातीएवढे, जडशीळ. सगळ्यांत खालचा तुकडा न्हाणीत नेला, उलटा केला. आतली बाजू काळपट, गुळगुळीत, खड्ड्याखड्ड्यांची. इतकी वर्षं कवचं पडतात, नदीत जातात, आणि त्यांची आतली बाजू वळवून बघावी असं आमच्या गावात एकालाही वाटलेलं नव्हतं. मला वाटलं होतं! मी कसली हुशार आहे, असं मी न्हाणीत मोठ्यानं म्हणाले.

तेल फिरवलं. शाळेतून आणलेला शाडू मळून बोटांनी कोपऱ्याकोपऱ्यात दाबला. तासाभरानं पाटावर उलटा पाडला आणि टॉवेलनं हळूच टिपला.

गाई होत्या. तीन, शिंगं वर केलेल्या. समोर तलवारवाले दोघे. आणि मध्ये माणूस.

घोडा नव्हता.

मी आधी घोडाच शोधला. मग तलवार. दोन्ही नव्हतं. पागोटंही नव्हतं. अनवाणी माणूस, खांद्यावर घोंगडी, आणि हातात उंच काठी. काठीच्या टोकाला छोटे छोटे गोळे, द्राक्षाच्या घडासारखे. मी नाक लावून बघितलं. घुंगरं.

घुंगराची काठी वेसकराची. वेशीवर रात्रंदिवस राखण करणाऱ्याची. वेसकरकी कुठल्या आळीकडं होती, हे आमच्या गावात कुणाला सांगावं लागत नाही.

नानांची आजी खरं बोलत होती.

आता माझं रक्त आटायला हवं होतं, नाही का? भाषण गेलं, बाजी पाटील गेला, घोडा गेला. पण खरं सांगते, मला आनंद झाला. कोडं सुटल्याचा निव्वळ आनंद! ज्याला हे कोरलेलं साहेबांना दिसू द्यायचं नव्हतं, त्यानं दगड चोरला. शेजारचा धाकटा नुसता सोबत उचलला, मूर्तिचोर वाटावेत म्हणून. आणि नाना? हे दिसावं म्हणून झटणारा गावातला एकटा माणूस, तो कशाला चोरेल? सुटलेच की ते! घरीच राहिलेल्या आईच्या फोनवर मी दोन फोटो काढले. पळत जाऊन मित्राला गाठलं आणि एवढंच म्हटलं, “पुरावा मिळाला. उद्या देवळात बैठक आहे ना? नानांना घेऊन ये. सगळ्यांसमोर सांगणार मी.”

“काय मिळालं?”

“उद्या!”

भाव खाल्ला मी. मजा आली भाव खाताना. तिच्या चेहऱ्यावर त्या पंधरा दिवसांत पहिल्यांदा काहीतरी हललं.

ज्यानं चोरला तो कोण, याचा विचार मी केलाच नव्हता असं नाही. कुणीतरी असेल, पप्पा शोधून काढतील, असं वाटलं. ते नेहमी म्हणायचे, “माझ्याकडं नाव आणू नका, पुरावा आणा.” मी पुरावा आणला होता.

पप्पा चारच्या सुमारास आले. मी त्यांना हाताला धरून न्हाणीत नेलं आणि पाटावरचा टॉवेल झर्रकन काढला. जादूगार काढतो तसा.

ते बघत राहिले. मी बोलत होते. साचा, तेल, वेसकर, नानांची आजी, भाकरी, गुरुवार. सगळं मुद्देसूद, जिथं थांबायचं तिथं थांबून. मध्येच ते वाकले आणि एका बोटानं मातीच्या घुंगरांना स्पर्श केला.

“दगडावर एवढी उठावदार नाहीत,” ते म्हणाले.

मी पुढचं वाक्य बोलायला तोंड उघडलेलं होतं. ते तसंच राहिलं.

ते आडोशाच्या आत गेले होते. उघडा दगड बघितलेला गावात एकच माणूस होता. पाच किलो शेंदूर.

“पप्पा,” मी म्हणाले, “दगड कुठंय?”

“कुणाकुणाला दाखवलंस हे?”

“कुणालाच नाही. तुम्हाला आधी.”

“शाब्बास.” त्यांनी खाली बसून बादलीतल्या पाण्यानं बोट धुतलं. “घरातली आहेस म्हणून सांगतो. आपल्या मळ्यातल्या विहिरीत आहेत. दोन्ही.”

मला वाटलं होतं ते खोटं बोलतील. खोटं बोलले असते तर मला भांडता आलं असतं.

“नाना चालू शकत नाहीत, पप्पा.”

“मी हात लावायला सांगितला नव्हता. ठाण्यावाल्यांनी केलं ते. उद्या मिटवतोय मी सगळं, त्यासाठीच बैठक आहे. सुटतील ते.” मग माझ्याकडं बघून, अगदी मऊ आवाजात म्हणाले, “माझ्या आज्याला त्याच्या आज्यानं सांगितलं, मला आज्यानं. घोडा होता. मी पण लहानपणी भाषण केलंय बरं का, तुझ्यासारखंच. आत गेलो त्या दिवशी मला काय दिसलं असेल, विचार कर. गावानं पालखी आपल्या दारात थांबवायची, आणि साहेबानं येऊन पाटी लावायची? तुझं लग्न याच सोयऱ्याधायऱ्यांत व्हायचंय, प्रणोती. आता तुला सगळं माहितेय. सांगायचं तर सांग उद्या उभी राहून. मी अडवणार नाही. जेवलीस का?”

रविवारी सकाळी उठले तर माळ्यावर पोतं नव्हतं. पाट घासून पालथा घातलेला. शाडूचं पांढरट पाणी न्हाणीच्या जाळीत साचलं होतं. मी आईचा फोन उघडला. फोटो नव्हते.

“मेमरी भरली होती,” आई भाकरी थापता थापता म्हणाली. तिनं माझ्याकडं बघितलं नाही. “तुझे काय काय फालतू फोटो असतात त्यात.”

त्या विहिरीचं पाणी आमच्या घरी नळाला येतं. तीन वर्षं झाली, मी आता बारावीत आहे, अजून येतं.

बैठक देवळाच्या सभामंडपात होती. साठ-सत्तर माणसं. ठाण्यातून एक हवालदार आला होता, त्याला खुर्ची. नाना आले, मित्राचा खांदा धरून. इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता त्यांनी. मंडपाच्या पायरीवर कडेला, एका कुल्ल्यावर भार देऊन बसले. मित्रा माझ्याकडं बघून हसली. वेणीला नवी रिबन होती.

“तर पाटलांच्या पोरीनं तपास लावलाय म्हणं!” हवालदार मिशीत हसत म्हणाला. “गावभर बोभाटा आहे. काय सापडलं का, बाई?”

लोक हसले. पप्पा माझ्याकडं बघत होते. ते खरंच अडवणार नव्हते. 

मी उठले. उभं राहणं मला जमत होतं. कुठं बघायचं, श्वास कधी घ्यायचा, सगळं येत होतं. हातात पुरावा नव्हता, पण विहीर होती. एक गळ सोडला असता कुणी, तरी कळलं असतं. एक वाक्य होतं ते. पाच-सहा शब्दांचं.

“काही नाही सापडलं,” मी म्हणाले. आवाज स्वच्छ आला, शेवटच्या माणसापर्यंत.

“मग शाळंचा अभ्यास करा!” हवालदार म्हणाला आणि पुन्हा सगळे हसले.

“प्रणोती,” मित्रा उठली. “तू काल म्हणालीस...”

“ऱ्हाऊ दे, मित्रा.” नानांनी तिचा हात ओढून तिला खाली बसवलं. माझ्याकडं बघून मान हलवली. “पोर हाय. भ्याली आसंल येवढ्या माणसांत. बस बाळ तू.”

पप्पांनी घसा खाकरला. “नाना, तुमचं वय झालंय. आम्हाला पण बरं वाटत नाही हे. तुम्ही खात्याचा अर्ज मागं घ्या, गावाचा गैरसमज दूर होईल. मी ठाण्यात शब्द टाकतो. उद्यापासनं सहीला जायला नको, काही नको.” त्यांनी टाईप केलेला कागद पुढं केला. तो आधीच तयार होता. “प्रणोती, तुझं पेन दे त्यांना.”

माझं पेन तपासाच्या वहीला अडकवलेलं होतं. मी जाऊन दिलं. नानांनी चष्मा लावला आणि कागद पहिल्या ओळीपासून वाचला. सगळा मंडप थांबला होता. त्यांना घाई नव्हती.

“हितं ‘गैरसमजातून अर्ज केला’ असं हाय,” ते म्हणाले. “गैरसमज न्हवता माझा.”

“नाना, आता शब्दाशब्दाला अडू नका.”

 मग मांडीवर कागद धरून नानांनी पूर्ण नाव लिहिलं, गेनू भिवा खरात. टोपण बसवलं आणि पेन परत द्यायला मित्राकडं दिलं.

मित्रा माझ्यासमोर आली. मी हात पुढं केला. तिनं पेन माझ्या हातात दिलं नाही. वीतभर वरून सोडलं, बोटाला बोट लागू न देता.